थडग्यावरचं माहेरचं आडनाव: मान की नुसतीच नोंद?

मीठभाकर (धागाकर्ती):
सहा वर्षं स्कॉटलंडमध्ये, एडिंबरात राहतेय. रविवारी पाऊस नसला (म्हणजे वर्षातून चारदा) की जुन्या कबरस्तानांत भटकते. तिथल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या दगडांवर नवऱ्याचं आडनाव एक आणि खाली 'त्याची पत्नी' म्हणून बाईचं नाव, तेही माहेरच्या आडनावासकट. चर्चच्या जुन्या दप्तरांतही तसंच. शेजारच्या इंग्लंडात मात्र लग्न झालं की बाई नवऱ्याच्या आडनावात विरघळायची. आणि आपल्याकडे ताम्हणातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की पाळण्यातलं नावसुद्धा गेलं! आजीला तिचं माहेरचं नाव विचारलं की ती दोन क्षण थांबायची.

शिवाय 1560च्या दशकापासून इथे व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट नवरा-बायको दोघांनाही सारख्याच अटींवर मागता येई. इंग्लंडातल्या बाईला ही बरोबरी मिळाली 1923 साली. विधवेला नवऱ्याच्या जंगम मालमत्तेत तिसरा हिस्सा, मुलं नसतील तर अर्धा, आणि मृत्युपत्र करूनही तो काढून घेता येत नाही. स्त्रीवाद हा शब्द यायच्या आधीपासून बाईला स्वतंत्र माणूस मानायची सवय या परंपरेला होती, असं माझं मत. पटतं का?

तिरकस_वकील:
नाही पटत. आडनाव राहिलं ते ती बापाच्या कुळातली म्हणून. सासरच्यांनी तिला पुरतं आपलं धरलंच नाही, यात कसला मान?

मालमत्तेचंही तुम्ही सोयीपुरतंच सांगितलंत. नवरा मेल्यावर तिसरा हिस्सा, कबूल. पण तो जिवंत असताना? लग्न लागताच तिची रोकड, गुरंढोरं, मजुरी सगळी त्याची. मजुरी वाचली 1877च्या कायद्यानं, नवऱ्याचा बाकीचा हक्क मोडला 1881च्या. आणि मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला, ही रीत थेट 1964 पर्यंत. दगडावर नाव तिचं, किल्ल्या त्याच्या.

रानभूल:
नोंदीचंच कौतुक असेल तर चेटकिणींच्या नोंदीही वाचा, ताई. 1563चा कायदा, रद्द झाला 1736 साली. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी दप्तरं चाळून 3,837 आरोपी मोजले, शंभरात चौऱ्याऐंशी बायका. नॉर्थ बेरिकच्या खटल्यात ॲग्नेस सॅम्पसन ही सुईणपण आणि झाडपाला करणारी बाई. राजा सहाव्या जेम्सनं जातीनं तिची उलटतपासणी घेतली, कारण डेन्मार्कहून नवी राणी आणताना समुद्रात वादळ झालं होतं! 1591 साली आधी गळा आवळून मग जाळली. सरकारच्या वतीनं स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी माफी मागितली ती 8 मार्च 2022ला.

मीठभाकर:
ते खूळ अख्ख्या युरोपात होतं हो. एकट्या स्कॉटलंडच्या माथी का?

रानभूल:
लोकसंख्येच्या मानानं इंग्लंडपेक्षा कितीतरी जास्त बायका मारल्या म्हणून. 'शेजाऱ्यांपेक्षा बरे' ही मोजपट्टी तुम्हीच काढलीत ना?

बांगडेवाली:
मालवणची आहे, त्यामुळे माशांवर येते. हेरिंग चिरणाऱ्या मुली कुणाला आठवल्या नाहीत? तिघींची टोळी असायची. दोघी सुरीच्या एका फटक्यात मासा साफ करणार, तिसरी पिंपात मीठ आणि मासा असे थर लावणार. बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, कारण सुरी लागली की जखमेत मीठ जाणारच. हेरिंगच्या हंगामामागे उत्तरेच्या शेटलंड बेटांपासून खाली इंग्लंडातल्या यार्मथपर्यंत जायच्या. रिकाम्या वेळी रस्त्यानं चालतानाही हातात विणकाम. आणि मजुरी वाढवून मागायला 1936 साली यार्मथला संप केला. बाईची पत बघायची तर तिथे बघा. थडगी कसली बघताय!

तिरकस_वकील:
कष्ट म्हणजे पत नव्हे. कोळीवाड्यांत बायका नवऱ्याला पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पोचवायच्या, का तर दर्यावर निघताना त्याचे पाय ओले होऊ नयेत. हिचे भिजले तरी चालतील.

बांगडेवाली:
हो, पण मासळी विकून पैसा कनवटीला कोण लावायचं? आमच्याकडेही बाजार बाईचाच. आणि 1915चं ग्लासगो बघा. युद्ध चालू असताना मालकांनी भाडी वाढवली, तर तिथल्या गोवन भागात मेरी बार्बरच्या मागे बायका जमल्या. जप्तीचा माणूस आला की घंटा वाजायची, सगळ्या जिन्यात गोळा, वरून पिठाचा मारा. त्याच वर्षी सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. मताचा हक्क तरी होता का त्यांना तेव्हा?

तिरकस_वकील:
हे मान्य. पण ते त्यांनी भांडून मिळवलं. परंपरेनं दिलं कुठे? शेटलंडमधल्या लेरविक गावची मशालींची मिरवणूक घ्या. तिथल्या पथकांत बायकांना शिरायला 2023 उजाडलं. तोवर त्या सभागृहांत रात्रभर सूप वाढत होत्या.

मीठभाकर:
बरं, 'सवय होती' हे शब्द मागे घेते. थडग्यांचा मुद्दा सोडत नाही.

रानभूल:
का पण? नुसत्या नोंदीनं त्या बाईला काय मिळालं? आणि काय होतं हो तुमच्या आजीचं माहेरचं नाव?

मीठभाकर:
द्वारका. शाळेत गेली नव्हती, त्यामुळे दाखला नाही. रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, मृत्यूच्या दाखल्यावर सगळीकडे सासरचंच नाव. आज तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यांदा कुठेतरी लिहिलं.