घामात टिकणारी रंगभूषा: मदत हवी आहे

आम्ही ठाण्यातले काही जण किंग डायमंड या हेवी मेटल गायकाचे वेडे. त्याच्या १९८७ च्या 'ॲबिगेल' अल्बममधली गाणी घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या हॉलमध्ये वाजवणार आहोत. (मेटॅलिका सगळ्यांना ठाऊक. पण त्यांनी १९९८ मध्ये ज्या मर्सिफुल फेट बँडची गाणी जोडून वाजवली, त्यातल्या या डॅनिश गायकाला इथे विचारतो कोण!)

त्याचा हाडांचा माइक स्टँड थर्माकोलमध्ये झकास जमलाय. अडलंय चेहऱ्याच्या पांढऱ्या-काळ्या रंगावर. हॉलला एसी नाही. पाण्यात कालवायचा रंग लावून वर टाल्कम मारली, तर काळा ओघळून डोळ्यांत उतरतो आणि उंच पट्टीसाठी तोंड वासलं की ओठांभोवतीचा पांढरा थर तडकतो. ग्रीस पेंट तडकत नाही, पण माइकला, हाताला, सगळीकडे लागतो. मुर्दाडशिंग सुचवू नका, त्यात शिसं असतं. रंगभूषाकार बोलावण्याइतकं बजेट नाही, गायक स्वतःच रंगवणार. त्याची त्वचा नाजूक आहे, दाढी नाही.

गडकरी किंवा घाणेकरला नाटकांची रंगभूषा करणारं कुणी इथे आहे का? ग्रीस पेंटवर पावडर नेमकी कशी बसवायची, की फिक्सर स्प्रेशिवाय गत्यंतर नाही? आणि तो ठाणे-दादरकडे कुठे मिळेल?