ध्येय, उद्दिष्ट, लक्ष्य: साथीच्या धोरणात कोणता शब्द कुठे?

प्रश्न: साथीच्या काळातल्या आरोग्यधोरणावर लिहिते आहे. 'साथ आटोक्यात आणणे' हे ध्येय, उद्दिष्ट की लक्ष? आलटूनपालटून वापरले तर चालेल ना?

— बोलताना चालेल, धोरणात नको. आणि लक्ष नव्हे, लक्ष्य. लक्ष द्यायचे असते, लक्ष्य गाठायचे. 'ध्येय' ध्यै धातूवरून, म्हणजे ज्याचे चिंतन करावे ते. त्याला मुदत नसते. 'उद्दिष्ट' उद् + दिश्, बोट दाखवून सांगितलेले. लक्ष्य म्हणजे नेमाची खूण. नेम लागला की चुकला हे कळलेच पाहिजे. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत संयुक्त राष्ट्रांनी ठरवले होते: 60 दिवसांत 70 टक्के रुग्णांचे विलगीकरण आणि 70 टक्के अंत्यविधी सुरक्षित. (मृतदेहातूनही संसर्ग होत होता, म्हणून अंत्यविधी.) साथ थांबवणे हे ध्येय, संसर्गाची साखळी तोडणे हे उद्दिष्ट आणि हे दोन आकडे म्हणजे लक्ष्य.

— आकडा आला की लक्ष्य झाले, असे मात्र नाही. देवीच्या मोहिमेत आधी 80 टक्के लोकांना लस टोचण्यावर भर होता. दाट वस्तीत तेवढे टोचूनही रोग पसरतच राहिला. मग रुग्ण हुडकून त्याच्या आसपासच्यांना टोचणे सुरू झाले. म्हणजे 80 टक्के हे केलेल्या कामाचे माप होते, रोग हटल्याचे नव्हे. 'रोज अमुक इतक्या चाचण्या' वाचले की मला हेच आठवते.

— मग 'आटोक्यात' या शब्दाचे काय करू?

— निसरडा शब्द आहे, शीर्षकात ठेवा फार तर. 2020 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले होते, की निर्बंध सैल करण्याआधी चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण किमान 14 दिवस 5 टक्क्यांखाली असावे. चाचण्याच मोजक्या केल्या तर या टक्क्याला अर्थ नाही, ते वेगळे. पण हे लक्ष्यही नव्हे, हा निकष. पुढचे पाऊल टाकायचे की थांबायचे, ते त्यावरून ठरते.

— 'निर्मूलन'सुद्धा जपून. देवीचे झाले, 1980 मध्ये तसे जाहीर झाले. कुष्ठरोगात मात्र 10,000 लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढीच पातळी ठरवली होती. त्याला 'दुरीकरण' म्हणावे.

— म्हणजे माझ्या मसुद्यातली सगळी 'लक्ष' तपासायला हवीत. सव्वीस आहेत.