करंगळी आणि अनामिकेचा बधिरपणा : कोपरात दबलेल्या नसेसाठी शस्त्रक्रिया लगेच करावी का?

अक्षरजुळणी

नमस्कार. माझे वय ४६ असून दिवसभर संगणकावर मजकूर टंकण्याचे काम आहे. पाच महिन्यांपासून डाव्या करंगळीत आणि अनामिकेच्या करंगळीकडील अर्ध्या भागात मुंग्या येतात. पहाटे जाग येते तेव्हा कोपर पूर्ण मुडपलेले असते आणि दोन्ही बोटे बधिर झालेली असतात. हात सरळ करून झटकला की काही मिनिटांत बरे वाटते. फोन कानाशी धरून बोलतानाही हेच होते. नर्व्ह कंडक्शन तपासणीत (नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी तपासणी) अल्नर नसेचा, म्हणजे कोपराच्या आतील बाजूने करंगळीकडे जाणाऱ्या नसेचा, वेग कोपर ते मनगट या भागात सेकंदाला ५८ मीटर आणि कोपराच्या सांध्याभोवती ४१ मीटर आला आहे. एका डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्यांनी बी-१२ च्या गोळ्या देऊन तीन महिने थांबण्यास सांगितले. आकडा इतका उतरलेला असताना थांबणे धोक्याचे आहे का, आणि नस मानेत नव्हे तर कोपरातच दबली आहे हे कशावरून ठरवतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मणिबंध

मी हाताच्या शस्त्रक्रिया करतो. आधी जागेबद्दल सांगतो, कारण जागा चुकली तर पुढचे सगळेच चुकते.

अनामिकेचा अर्धाच भाग बधिर होणे ही अल्नर नसेची मोठी खूण आहे. मानेतून निघणाऱ्या आठव्या मज्जामुळावर दाब असेल, तर बधिरपणा बहुधा मनगटाच्या वर, कोपरापर्यंतच्या आतील बाजूलाही पसरतो. शिवाय अंगठा तळहातापासून उचलणारा स्नायू दुबळा होऊ शकतो, जो अल्नर नसेच्या ताब्यात नसतोच. नस मनगटातही दबू शकते. मात्र हाताच्या पाठीवर करंगळीच्या बाजूला संवेदना देणारी फांदी मनगटाच्या काही सेंटीमीटर वरच फुटत असल्यामुळे, मनगटातील दाबात तो भाग शाबूत राहतो. तेथे कापूस फिरवून दोन्ही हातांची तुलना करून पाहावी.

तुमचे आकडे कोपराकडेच बोट दाखवतात. सांध्याभोवतीचा वेग ५० पेक्षा कमी असणे, किंवा खालच्या भागापेक्षा १० हून अधिक मीटरने उतरणे, याला आम्ही महत्त्व देतो. तपासणीच्या वेळी कोपर वाकवलेले होते ना, एवढे मात्र विचारून घ्यावे. कोपर सरळ असताना नस सैल पडते, त्वचेवरून मोजलेले अंतर तिच्या खऱ्या लांबीपेक्षा कमी भरते आणि वेग खोटाच कमी दिसतो. कोपरावर टिचकी मारल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येणे ही खूण निरोगी माणसांतही आढळते, म्हणून केवळ तिच्यावर मी निदान करत नाही.

परंतु वेगाचा आकडा जागा सांगतो, घाई सांगत नाही. घाई ठरते ती स्नायूंवरून. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एक कागद धरून बाजूला ओढावा. आजारी हाताच्या अंगठ्याचे टोक वाकू लागले, तर अंगठा तर्जनीकडे दाबणारा स्नायू दुबळा झाला असून त्याचे काम मीडियन नसेवरचा (हातातील दुसऱ्या एका मुख्य नसेच्या ताब्यातील) दुसरा स्नायू करत आहे असे समजावे. अंगठा आणि तर्जनी यांमधील मांसल भाग पाठीच्या बाजूने खोलगट झाला आहे का, आणि करंगळी इतर बोटांपासून फाकलेलीच राहते का, हेही पाहावे.

अक्षरजुळणी

मनःपूर्वक आभार. कागद दोन्ही हातांत सारखाच घट्ट धरला जातो, अंगठा वाकत नाही आणि मांसल भाग दोन्हीकडे सारखा दिसतो. हाताच्या पाठीवर करंगळीकडे मात्र स्पर्श मंद जाणवतो.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. असे असेल तर आधी कोपराची सवय बदलून पाहणे योग्य वाटते. कोपरात नस एका अरुंद बोगद्यातून जाते; कोपर मुडपले की त्या बोगद्याचे छत ताणले जाते, बोगदा आणखी अरुंद होतो आणि हाडामागून वळसा घेणारी नस स्वतःही ताणली जाते. रात्री सहा-सात तास ती तशीच राहणे हे बहुतेकांच्या दुखण्याचे मूळ असते. कोपर साधारण ४५ अंशांपलीकडे वाकणार नाही असा स्प्लिंट (आधारपट्टी) रात्री बांधावा; तो सोसवत नसेल, तर जाड टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळला तरी चालतो. टंकताना कोपर खुर्चीच्या हातावर टेकवू नये आणि फोनसाठी इयरफोन वापरावा. नस सरकवण्याचे व्यायाम हळुवारपणेच करावेत, कारण मुंग्या येईपर्यंत ताणल्यास त्रास वाढतो. बी-१२ ची कमतरता रक्तात आढळली असेल तर ती अवश्य भरून काढावी, पण गोळीने दाब सुटत नाही.

उजवी मूठ

मी रुग्ण म्हणून लिहीत आहे. मुंग्या कमी झाल्या म्हणून मी निर्धास्त राहिलो, पण तोवर किल्ली फिरवताना चिमूट सुटू लागली होती आणि मी ते वयावर ढकलले. शस्त्रक्रिया झाल्यावर सर्जनांनी समजावले, की नसेचे तुटलेले तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतात, म्हणजे कोपरापासून हाताच्या स्नायूंपर्यंत पोहोचायला वर्षाच्या आसपास लागते. आणि दीर्घकाळ नसेवाचून राहिलेला स्नायू तिला पुन्हा स्वीकारेलच असे नाही. माझी संवेदना बरीचशी परतली, चिमटीची ताकद परतली नाही. तीन महिने जरूर थांबा, पण कागदाची चाचणी दर आठवड्याला करा.

मणिबंध

वरील अनुभवाशी मी पूर्ण सहमत आहे. अंगठा वाकू लागला किंवा बधिरपणा दिवसभर टिकू लागला, तर तीन महिने पूर्ण होण्याची वाट पाहू नये. शस्त्रक्रिया करावीच लागली, तर नस जागच्या जागी मोकळी करणे बहुतेक रुग्णांना पुरते. ती हाडाच्या पुढे हलवल्याने सर्वसाधारणपणे अधिक लाभ दिसलेला नाही आणि जखमेचा संसर्ग मात्र अधिक आढळतो. कोपर वाकवताना नस हाडावरून उडी मारत असेल, तर हलवण्याचा विचार करावा लागतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना कोपराच्या वर नस चाचपून पाहण्यास सांगावे, कारण कुष्ठरोगातही हीच नस तेथे जाड होते, आणि तसे असल्यास आधी औषधोपचार सुरू करावे लागतात.