'त्वचेत' की 'त्वचेतून'? (आणि नॅनोजेलला मराठीत काय म्हणायचं?)

निशिगंध: त्वचारोगावरच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. 'नॅनोजेल वाहकांमार्फत औषध त्वचेत पोहोचवलं जातं' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी 'त्वचेतून' केलं. मला पटत नाही. 'त्वचेतून' म्हटलं की औषध थेट रक्तात, निकोटिनच्या पट्टीसारखं. इथे ते कातडीतच मुरायला हवंय. शिवाय नॅनोजेलला, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या या अतिसूक्ष्म कणांना, शब्द आहे का कुणाकडे?

दौतटाक: अब्जांश-जलजालक. 'अब्जांश तंत्रज्ञान' चालतं, मग हेच का खुपावं?

खारीबटर: केमिस्टकडे जाऊन मागून बघा एकदा. 🙏

दौतटाक: हसा. 'जेल' तरी मुळात आपलं 'जल'च.

कोशाळ: नाही हो. जिलेटिनवरून आलाय, त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'गोठणं'. थॉमस ग्रॅहमनं १८६०च्या दशकात रूढ केला. जल कुठून आणलंत?

टपरी नं. ४: आपल्याकडे जेल म्हणजे तुरुंग, आणि ते इथे चक्क शोभतंय. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या, आत पाणी, त्यात औषध कोंडलेलं. पीएनआयपॅम नावाच्या पॉलिमरचं जेल ३२ अंशांच्या आसपास आकसतं नि पाणी बाहेर टाकतं. कातडीचं तापमानही साधारण तेवढंच. कैद्याची सुटका!

निशिगंध: मजा आली. पण 'त्वचेत' की 'त्वचेतून'?

गोळीवाला_सांगली: ट्यूबवर 'नॅनो जेल' असं तोडून लिहिलेलं असतं, तिथे औषधाचे कण बारीक, जेल नेहमीचंच असू शकतं. तुमच्या नॅनोजेलमध्ये कणच जेलचा, शंभरेक नॅनोमीटरचा. म्हणून जोडून लिहा. आणि हे कण सरसकट आत घुसत नाहीत. मृत पेशींचा वरचा थर जेमतेम १०-२० मायक्रोमीटर, पण भलता चिवट. कण बरेचदा केसांच्या छिद्रांत साचतात, औषध तिथून झिरपतं. मी 'त्वचेत' म्हणेन, पण 'पोहोचवलं' काढून 'झिरपतं' घालेन.

खारीबटर: ते 'वाहक' आधी काढा. डोळ्यांसमोर एसटीतला तिकीट फाडणारा येतो. नाहीतर डेंग्यूचा डास. सरळ 'हमाल' लिहा.

कोशाळ: हमाल अरबी. दौतटाक घेणार नाहीत.

दौतटाक: 'भारवाही' घ्या. संस्कृत आहे, सुटसुटीत आहे.

खारीबटर: बैल म्हणा की मग.

निशिगंध: उद्या संध्याकाळी द्यायचंय हो हे.

टपरी नं. ४: वाहकच ठेवा. फक्त एसटीतला शेवटच्या थांब्यापर्यंत येतो, हा छिद्रातच उतरतो आणि प्रवासी एकटा पुढे.

दौतटाक: 'प्रवासी' कशाला, 'पांथस्थ' म्हणा.