मृण्मयी पोलंडात, वॉर्सात नक्की करतेय काय? (फॅमिली ग्रुप)

आत्या: मृण्मयी पोचलीस, ट्रामचे फोटो टाकलेस, पण कामाचं काहीच सांगेनास. एखादं ऑपरेशन केलंस का? मी इथं शेजारी सांगून बसलेय

मृण्मयी: आत्या प्लीज असलं काही सांगत जाऊ नकोस गं. मी अजून मेडिकलच्या थर्ड इयरला आहे, इथे 4 आठवडे सर्जरी वॉर्डला पोस्टिंग आहे बस, सकाळी राउंड आणि मग ओटी. काल मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केस होती, हात धुवून उभी राहिले तर सर म्हणाले हा रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचा हुक) धर, तो धरून 2 तास हलले नाही, खांदा अजून भरून आलाय

काका: म्हणजे हुक धरायला 60 हजारांचं तिकीट?? आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलला फुकटात धरला असता की

बाबा: अण्णा तिकीट आपलं, व्हिसाचे 90 युरो आपले, 30,000 युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स पण आपलाच, मान्य. पण राहायची सोय आणि दिवसातून एक जेवण ते देतात. नुसतं पैशाने कोणी गेलं तर एवढ्यात भागत नाही

दादा: आणि हे एजंटचं काम नाहीये काका. आयएफएमएसए म्हणून मेडिकल स्टुडंट्सची जगभरची संघटना आहे, 1951 पासूनची. अदलाबदल असते, आपल्याकडनं एक गेला की तिकडनं एक येतो

काका: मग तिकडचं पोरगं आलं की आपल्या घरी ठेवणार काय? तांबडा पांढरा झेपायचा का त्याला

आजी: मृण्मयी फोन का उचलत नाहीस सकाळपासून

मृण्मयी: आजी तू 7 ला केलास, इथे पहाटेचे साडेतीन वाजले होते. साडेतीन तास मागे आहोत आम्ही. आणि रात्री 9 वाजता पण लख्ख उजेड असतो म्हणून झोपच लागत नाही लवकर

आत्या: पेशंटशी बोलतेस कशी मग? इंग्लिश येतं का त्यांना

मृण्मयी: हाच तर प्रॉब्लेम. डॉक्टरांना येतं, सिस्टर लोकांना थोडंफार, म्हाताऱ्या पेशंटना अजिबात नाही. राउंड सगळा पोलिशमध्ये, शेवटी सर दोन वाक्यांत मला इंग्लिशमध्ये सांगतात, त्यामुळे मी आता डोळ्यांनीच बघायला शिकलेय, ड्रेन बॅगमध्ये (ऑपरेशनच्या जागेतलं पाणी-रक्त नळीतून जमा होतं ती पिशवी) किती आलंय, पोट हाताला कसं लागतंय. काल एका आजींना "बोली?" विचारलं, म्हणजे दुखतंय का, तर त्या इतकं बोलल्या इतकं बोलल्या आणि मला त्यातला एक शब्द कळला नाही, मी नुसता हात धरून उभी

आजोबा: पोरी, तू पोलंडात आहेस म्हणून सांगतो. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 पासून 48 पर्यंत पोलिश लोकांचा कॅम्प होता, 5 हजाराच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेली, तिथनं इराणमार्गे आपल्याकडं आलेली. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं तिथं. मी लहान होतो, वडलांच्या सायकलवर पुढं बसून जायचो, गोरी पोरं अनवाणी खेळताना बघितलेली आठवतात. ती गेल्यावर सिंधी निर्वासित आले, तेच आत्ताचं गांधीनगर. तुझ्या डॉक्टरांना कोल्हापूर म्हणून सांग, ओळखतील

मृण्मयी: आजोबा सांगितलं हो पहिल्याच दिवशी. सरांना माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं मुंबईच्या जवळ आहे का

काका: हे काय खरं नव्हं

आजोबा: वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. मोदी 2024 च्या ऑगस्टमध्ये जाऊन आले. बघून ये आणि फोटो पाठव, नुसता तुझा नको, त्यावरचं नाव दिसलं पाहिजे

मृण्मयी: हो आजोबा, शनिवारी जाते

आई: आणि जेवतेस काय ते सांग आधी

मृण्मयी: इथे मिल्क बार म्हणून स्वस्त खानावळी असतात, तिथे पियेरोगी, करंजीसारखं पण उकडलेलं, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी. व्हेज म्हणून घेतलं तर वर तळलेले बेकनचे तुकडे, ते वेचून बाजूला काढले आणि खाल्लं, काय करणार

आजी: अरे देवा

आई: मेतकूट दिलंय ना, ते भाताबरोबर खा. आणि तूच म्हणालीस ना तिकडे बहुतेक रविवारी दुकानं बंद असतात, मग स्मारक बघून येताना शनिवारीच तांदूळ आणि दही घेऊन ये