ग्रीसला जातोय, थोडं ग्रीक शिकायचंय

दादरकर: सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन अथेन्स आणि नॅक्सोसला चाललोय, दोघंही शाकाहारी. रोज लोकलमध्ये अर्धा तास मिळतो, तेवढ्यात काय शिकू? लिपीच्या नादी लागू का?

मुलुंडवाली: लागच! २४ तर अक्षरं, त्यातली पाय, थीटा, डेल्टा शाळेतच भेटलीयत. फक्त इंग्रजी पीसारखं दिसतं ते र, एचसारखं ते ई आणि बीसारखं ते व, एवढं डोक्यात बसलं की पाट्या वाचता येतात, फार मजा येते. आणि ‘ने’ म्हणजे हो! मला पहिले दोन दिवस तो नकारच वाटायचा. नाहीला ‘ओही’, आणि कधीकधी नुसत्या भुवया वर करतात, तोही नकारच.

ठाणेकर७: शाकाहारीसाठी ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय, हे आईंना पाठ करून दे. त्याहून कामाचा शब्द ‘निस्तीसिमो’, म्हणजे ग्रीक लोकांच्या उपवासाचं, त्यात मांस, अंडी, दूध नसतं पण कोळंबी, कालवं चालतात, म्हणून विचारून घ्याच. भात भरलेले टोमॅटो, ‘येमिस्ता’, नक्की खा, काही ठिकाणी आत खिमा असतो तेवढं बघा.

दादरकर: एफ्हारिस्तो दोघांना! आजपासून लिपी सुरू, आईलाही बसवतो सोबत.