मदत हवी आहे : जलपर्णी काढल्यानंतर तलावाचे पाणी हिरवे झाले आहे

नमस्कार. पुण्याच्या पश्चिमेकडे, आमच्या वसाहतीला लागून एक जुना उथळ तलाव आहे. पाषाण तलावाला जशी रामनदी, तसा याला एक ओढा येऊन मिळतो, पण दिवाळीनंतर त्यातून बहुतांशी सांडपाणीच वाहते. रहिवाशांनी वर्गणी काढून यंदा सगळी जलपर्णी उपसली, आणि काही आठवड्यांतच पाणी दाट हिरवे होऊन मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम हवा; येथे पहाटे तो त्याहून कमी भरतो, दुपारी मात्र भरपूर असतो.

माझ्या समजुतीनुसार सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस पूर्वी जलपर्णी शोषत होती व पाण्यावर सावलीही धरत होती. ती गेल्यावर ते खाद्य आणि ऊन दोन्ही सूक्ष्म शेवाळाच्या वाट्याला आले, जे दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्री श्वसनासाठी तोच वापरते. म्हणून जलपर्णी राहू द्यायला हवी होती असे मुळीच नाही, कारण तिची पाने ऑक्सिजन हवेत सोडतात आणि तिच्या दाट थराखालचे पाणी गुदमरते. शिवाय तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो, त्यामुळे सांडपाणी उद्या बंद झाले तरी गाळ तलावाला खाद्य पुरवतच राहील, अशी धास्ती वाटते.

तणनाशकाची सूचना आली होती, पण मेलेली वनस्पती तिथेच कुजणार असेल तर त्यात काय साधले? सांडवा उघडून पाणी खेळते ठेवल्यास शेवाळाला वाढायला वेळ मिळणार नाही हे पटते, तथापि उन्हाळ्यात वाहते ठेवण्याइतके स्वच्छ पाणी आणायचे कोठून?

ओढ्याच्या तोंडाशी पाणकणीस आणि लव्हाळ्याचा पट्टा लावून तो दरवर्षी कापून बाहेर नेण्याचा प्रयोग कोणी केला आहे का, आणि पावसाळ्याच्या लोंढ्यात तो टिकला का? हायड्रिलासारख्या बुडालेल्या वनस्पती पाण्यातच ऑक्सिजन सोडतात, परंतु इतक्या गढूळ पाण्यात तळापर्यंत प्रकाश पोहोचत नसताना त्या रुजतील काय? तळ उकरून पाणी ढवळणाऱ्या चिलापी (तिलापिया) माशांची संख्या आधी कमी करावी, असे एका जाणकाराने सुचवले आहे. गाळ काढण्यापूर्वी हे करावे की नंतर, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे. पावसाळ्याआधी क्रम ठरवायचा आहे.